पूर पेरणीआधी येतो की कापणीच्या वेळी? नदीकाठच्या पहिल्या संस्कृतींचं पाण्याचं गणित

पाटकरी

नदीकाठी सुपीक जमीन आणि पाणी होतं म्हणून तिथे संस्कृती उदयाला आल्या, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर आहे. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं काही उलगडत नाही. सुपीक काठाच्या नद्या जगात कितीतरी आहेत. इ.स.पू. ३५०० ते २५०० या काळात मोठी नगरं उभी राहिली ती मोजक्या खोऱ्यांत, आणि त्या खोऱ्यांची घडणही एकसारखी नाही. इजिप्तमध्ये एक राजा आणि लांबच लांब देश, सुमेरमध्ये (आजचा दक्षिण इराक) एकमेकांशी भांडणारी नगरराज्यं, सिंधूकाठी तर राजवाडा म्हणून ठामपणे बोट ठेवावं अशी इमारतच नाही.

माझ्या मते सुरुवात दोन प्रश्नांपासून करावी. पूर आणि पेरणीचं वेळापत्रक जुळतं का? आणि शेतात आलेलं पाणी शेताबाहेर जातं का?

गहू आणि सातू दोन्ही रब्बीची पिकं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायची, मार्च ते मे या काळात काढायची. तिन्ही खोऱ्यांत हेच.

नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचा. धरणं होण्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरात तो भरात असे, ऑक्टोबरात ओसरे. पेरणीच्या तोंडाशी शेत आपोआप भिजलेलं, वर नवा पोयटा.

टायग्रिस-युफ्रेटिसचा पूर तुर्कस्तानच्या डोंगरातलं बर्फ वितळून येई, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा सातू कापणीला आलेला असे. पेरणीला पाणी हवं तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, नदी वर्षातल्या सगळ्यांत खालच्या पातळीला. दक्षिण इराकात पाऊस इतका कमी की कोरडवाहू सातूही भरवशाने येत नाही. त्याला निदान २०० ते २५० मिमी लागतो. म्हणजे नको तेव्हा पाणी अंगावर आणि हवं तेव्हा पाणी खोल.

सिंधूचा पूर जुलै-ऑगस्टचा. वेळ नाईलसारखी सोयीची, पण नदीचा स्वभाव फार वेगळा. त्यावर जाणकारांनी लिहावं.

-----

गाळपेर

इजिप्तची पद्धत नीट सांगतो, कारण तिला सरसकट 'कालवे' म्हटलं की चित्र चुकतं.

नाईल दरवर्षी काठावर जाड गाळ टाकत असे, त्यामुळे काठ उंच आणि वाळवंटाकडची जमीन सखल. या सखल पट्ट्यात आडवे मातीचे बांध घालून मोठमोठे वाफे पाडले जात. पूर चढला की काठ फोडून पाणी आत घ्यायचं. साधारण एक ते दीड मीटर उंचीचं पाणी ४० ते ६० दिवस तसंच उभं ठेवायचं. तेवढ्यात गाळ बसतो, खालची माती खोलवर भिजते. मग खालच्या अंगाचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात किंवा परत नदीत सोडायचं. जमीन वाफशावर आली की बी फेकायचं आणि ते मातीत तुडवायला मेंढरं किंवा डुकरं सोडायची, नाहीतर हलका नांगर फिरवायचा. त्यानंतर कापणीपर्यंत एकही पाणी द्यायचं नाही. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात, तीच ही शेती, फक्त संपूर्ण देशभर.

यात बिघडतं कुठे? पूर कमी आला तर उंचावरचे वाफे कोरडे राहतात. जास्त आला तर बांध फुटतात, गावं बुडतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी उशिरा ओसरतं, पेरणी लांबते आणि दाणा भरायच्या वेळी उन्हाळी गरम वारे सुरू होतात. म्हणून पुराची उंची मोजणं हे राज्याचं पहिलं काम होतं. इटलीतल्या पालेर्मो इथे असलेल्या शिळेवर सुरुवातीच्या राजांच्या काळातली पुराची दरवर्षीची उंची हात, वीत, बोटं अशी कोरलेली आहे. पुढे रोमन लेखक प्लिनी याने हिशेब दिला: १२ हात पाणी आलं तर दुष्काळ, १३ ला उपासमार, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती, १६ ला चैन. इजिप्तचा हात सुमारे ५२.५ सेंमीचा. म्हणजे दुष्काळ आणि चैन यांत जेमतेम दोन मीटरचं अंतर!

पुराची उंची कळली की येणारं पीक कळतं, आणि पीक कळलं की सारा ठरवता येतो. एका राजाच्या हातात एवढा लांब देश राहू शकला, त्यामागे हा अंदाज बांधण्याचा सोपेपणा आहे असं मला वाटतं.

-----

चौकस

दोन्ही प्रतिसाद उत्तम. एक शंका. सुमेरमध्ये नदी पेरणीच्या वेळी खोल असेल तर पाणी शेतात चढवलं कसं? रहाट, मोट असं काही होतं का?

-----

पाटकरी

चढवायची गरज फारशी पडत नसे, उताराने येई. खालच्या सपाटीत युफ्रेटिस आपलाच गाळ टाकत टाकत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते. काठाचा धस फोडला की पाणी दोन्ही बाजूंना उताराने पसरतं. सुरुवातीची वस्ती या फुटलेल्या तोंडांच्या आसपासच दिसते. एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला पोहरा लावलेली पाणी उपसायची लाट पुढे येते. तिच्यावर बाग भिजते, शेकडो एकर सातू नाही.

अडचण दुसरीच आहे. नदी खाली असताना पाणी घ्यायचं, तर पाटाचं तोंड खोल खणावं लागतं. खोल तोंडात वसंतातल्या पुराचा गाळ भसाभस शिरतो. पाटाला उतार जवळजवळ नाही, पाणी संथ, गाळ तिथेच बसतो. मग दरवर्षी गाळ काढा आणि काठावर टाका. काठ उंच होत जातो, पुढच्या वर्षी माती आणखी उंच फेकावी लागते. काही पिढ्यांनी अशी वेळ येते की जुना पाट उपसण्यापेक्षा शेजारी नवा खणणं स्वस्त पडतं. इराकच्या सपाटीवर एकमेकांना समांतर मातीचे बुटके डोंगर दिसतात, ते बऱ्याचदा सोडून दिलेल्या पाटांचे काठ असतात.

याचा मजुरीचा हिशेबही मांडता येतो. सुमेरमधल्या उर नगराच्या तिसऱ्या घराण्याच्या काळात (इ.स.पू. २१००च्या सुमारास) सोप्या मातीत एका माणसाने दिवसाला सुमारे ३ घनमीटर खणावं असं प्रमाण धरत. पुरुष मजुराला महिन्याला ६० सिला सातू मिळे, सिला म्हणजे जवळपास एक लिटर. आता १ किमी लांब, ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल पाट घ्या. माती ४,५०० घनमीटर, म्हणजे १,५०० माणूस-दिवस. ५० माणसं महिनाभर. त्यांना ३,००० लिटर सातू. पुढे दरवर्षी ४० सेंमी गाळ काढायचा म्हटलं तर १,२०० घनमीटर, ४०० माणूस-दिवस. तेही कधी? कापणी संपल्यावर आणि पेरणीआधी, ऐन उन्हात.

हे धान्य आधी कुठेतरी साठलेलं हवं, कोणाला किती दिलं हे लिहिलेलं हवं. सुमेरच्याच उरुक नगरातल्या इ.स.पू. ३३०० ते ३००० च्या मातीच्या पाट्या बघा. बहुतेक सगळ्या हिशेबाच्या: धान्य, जनावरं, माणसं, शिधा. शिधा देण्याची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि त्याला लागून एक वाडगं. राजांच्या गोष्टी आणि देवांची स्तोत्रं लिहिली जायला यानंतर काही शतकं लागली.

-----

जुनीवीट

पाटकरींच्या हिशेबावरून 'पाट खणायला मजूर लागतात म्हणून राजा आला' असा निष्कर्ष कोणी काढेल, म्हणून आधीच लिहिते. इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी १९५७ साली हीच मांडणी केली होती: मोठं सिंचन, म्हणून नोकरशाही, म्हणून हुकूमशाही. पुढे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मॅक्. अ‍ॅडम्स यांनी इराकच्या सपाटीवर जुन्या वस्त्या आणि पाटांची पाहणी केली. चित्र उलट निघालं. सुरुवातीचे पाट छोटे, दोन-चार गावांच्या आवाक्यातले. लांबलचक, सरळ रेषेतले कालवे राज्यं स्थिर झाल्यावरचे. पाटकरींनी घेतलेला १ किमीचा पाट ५० माणसं खणतात. त्याला राजा लागत नाही, गावकी पुरते.

राजा लागतो तो भांडण मिटवायला, किंवा पेटवायला. वरच्या गावाने पाटाची दारं जास्त वेळ उघडी ठेवली की खालचं गाव कोरडं. लगाश आणि उम्मा या सुमेरमधल्या शेजारी नगरांचं सीमेवरच्या एका पट्ट्यावरून आणि तिथल्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चाललं. इ.स.पू. २४५० च्या आसपास लगाशच्या एअन्नाटुमने विजयाची शिळा उभारली, तीत गिधाडं शत्रूंची मुंडकी घेऊन उडताना दाखवली आहेत. बाबिलोनचा राजा हामुराबी याच्या कायद्यात (इ.स.पू. १७५० च्या सुमारास) तर कलमंच आहेत. ५३व्या कलमात म्हटलं आहे की स्वतःचा बांध राखण्यात आळस केला आणि तो फुटून दुसऱ्यांची शेतं बुडाली, तर त्यांच्या बुडालेल्या धान्याची भरपाई द्यायची. ५४वं सांगतं, भरपाई देता आली नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून पैसा वाटायचा. पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या समाजाने निष्काळजीपणाला एवढी जबर शिक्षा ठेवली, यातच सगळं आलं.

-----

खारपड

+१. आता मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, निचऱ्याकडे येतो. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको.

पाण्यात थोडं मीठ असतंच. समजा लिटरला ०.४ ग्रॅम. एका हंगामात ६०० मिमी पाणी दिलं, म्हणजे हेक्टरी ६,००० घनमीटर. त्यातून शेतात आलं २,४०० किलो मीठ, एका हंगामात. पाणी पिकातून आणि मातीतून उडून जातं, मीठ मागे राहतं. निचरा चांगला असेल तर जादा पाण्याबरोबर ते खाली धुऊन जातं. सुमेरच्या सपाटीला उतार नाही, माती चिकण, खालचं पाणी आधीच खारट. पाट सुरू झाले की भूजल वर यायला लागतं. ते जमिनीखाली दीड-एक मीटरवर आलं की मातीच्या बारीक पोकळ्यांतून आपोआप पृष्ठभागावर ओढलं जातं, उन्हाने उडतं आणि वर पांढरा थर उरतो. आधी जमीन चिबड, मग क्षारपड.

पिकांची सहनशक्ती आज मोजलेली आहे. मातीची क्षारता मीटरला ६ डेसिसायमनच्या (क्षारता मोजायचं एकक) वर गेली की गव्हाचं उत्पन्न घटायला लागतं, सातूचं ८च्या वर. उसाचं २च्याही आत. (आपल्याकडे कृष्णाकाठी उसाच्याच शेतांत हा रोग का दिसतो, तेही यात आलं. भरमसाट पाणी आणि सगळ्यांत नाजूक पीक.)

१९५८ साली थॉर्किल्ड जेकबसेन आणि अ‍ॅडम्स यांनी सुमेरचे जुने हिशेब लावून दाखवले. इ.स.पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि सातू जवळपास सारखे. २४०० च्या सुमारास गिर्सू या सुमेरी नगरात गहू एक षष्ठांश. २१०० ला २ टक्क्यांच्या आसपास. १७०० पर्यंत दक्षिणेत गहू जवळजवळ बंद. सातूचं उत्पन्नही त्यांच्या हिशेबाने हेक्टरी सुमारे २,५०० लिटरवरून ९०० लिटरच्या आत आलं.

या आकड्यांवर पुढे टीकाही झाली, मुख्यतः मार्विन पॉवेल यांची. मापं आणि बियाण्याचं प्रमाण कसं वाचायचं यावर आकडे बदलतात, आणि सातू निवडण्यामागे मीठ हे एकच कारण नसावं. ती टीका वजनदार आहे. उत्पन्न इतकं कोसळलं हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मीठ ही तिथली कायमची डोकेदुखी होती, एवढं मात्र नक्की.

नाईलला हे का झालं नाही? उन्हाळ्यात नदी काठापासून काही मीटर खाली जाई, भूजलही तिच्याबरोबर उतरे, जमीन वाळून खोल भेगा पडत. मग पूर येई, भेगांतून मीठ धुऊन खाली नेई. फुकटचा निचरा, दरवर्षी.

-----

चौकस

मग सुमेरमधले शेतकरी करत काय होते? त्यांना कळत नव्हतं असं तर नसणार.

-----

खारपड

चांगलं कळत होतं. एक वर्ष पेरायचं, एक वर्ष पड टाकायचं. पड जमिनीत जवाशासारखी काटेरी झुडपं उगवतात, मुळं खूप खोल जातात. ती खालचं पाणी शोषून घेतात आणि भूजल उतरतं. पुढच्या पेरणीआधी भरपूर पाणी देऊन वरचं मीठ त्या कोरड्या थरात ढकलायचं. ही रीत इराकमध्ये विसाव्या शतकापर्यंत चालू होती. बिघडतं तेव्हा, जेव्हा सारा वाढतो किंवा तोंडं वाढतात आणि पड वर्ष गाळलं जातं. पहिली दोन-तीन वर्षं पीक दुप्पट दिसतं. तोवर खाली पाणी चढत असतं.

-----

पाभर

पेरणीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

सुमेरी भाषेत बापाने मुलाला सांगितलेला शेतीचा सल्ला मातीच्या पाट्यांवर मिळाला आहे. प्रती इ.स.पू. १७०० च्या आसपासच्या, सल्ला त्याहून जुना. सुरुवातच अशी की शेतात पाणी सोडशील तेव्हा बांधांची तोंडं बघ, पाणी फार चढू देऊ नकोस. पाणी ओसरल्यावर ओली जमीन जनावरांनी तुडवून सारखी करायची, तण काढायचं, मग नांगरणी, कुळवणी, ढेकळं फोडणं.

पेरणीचा नांगर आपल्या पाभरीच्या जातीचा. वर चाडं (बी सोडायचं नरसाळं), खाली नळी, एक माणूस बैल हाकतो, एक नांगर धरतो, एक बी सोडतो. आपल्या तिफणीला तीन नळ्या, त्यांच्या नांगराला एकच. सुमारे ६ मीटर रुंदीत आठ तासं (नांगराच्या सऱ्या) घाल असं सांगितलंय, म्हणजे दोन तासांत ७५ सेंमी अंतर. बी दोन बोटं खोल पडलं पाहिजे. ते नीट जात नसेल तर फाळ बदल, हेही सांगितलंय! फेकून पेरण्यापेक्षा यात बियाणं फार कमी लागतं. इजिप्तमध्ये बी फेकत, कारण ओला पोयटा मऊ होता. सुमेरची वाळलेली चिकण माती ते चालू देत नाही.

मग पाण्याच्या पाळ्या. रोप तासाच्या तळात भरलं की पहिलं पाणी, वाढून दाट झालं की दुसरं, पूर्ण उंचीवर आल्यावर तिसरं. तिसऱ्या पाण्यानंतर पीक तांबूस दिसलं तर रोग आहे, पाणी थांबव. निरोगी असेल तर चौथं दे, दहाला एक माप जास्त मिळेल. हे वाचताना चार हजार वर्षांचं अंतर जाणवत नाही.

-----

जुनीवीट

सिंधूचं राहिलं आहे. वेळ सोयीची, कारण पूर सप्टेंबरात ओसरतो आणि त्या ओलीवर गहू-सातू येतो. हडप्पा संस्कृतीच्या नागरी काळातले (इ.स.पू. २६०० ते १९००) मोठे कालवे मैदानात सापडलेले नाहीत. काही असतील तर गाळाखाली गेले असतील. पण ओलीवरच्या शेतीला ते लागतही नव्हते. राजस्थानातल्या कालीबंगनला नागरी काळाच्या आधीचं नांगरलेलं शेत मिळालं, त्यात तासं दोन दिशांना: एका दिशेत ३० सेंमी अंतरावर, दुसऱ्या दिशेत १९० सेंमी. जवळच्या गावांत अशाच आडव्या-उभ्या तासांत हरभरा आणि मोहरी एकत्र घेत. एकाच शेतात दोन पिकं.

या लोकांनी पाण्याशी झुंज दिली ती शेतात कमी आणि गावात जास्त. सिंधू पात्र बदलते, पूर जोरकस. म्हणून मोहेंजोदडोत वस्तीखाली कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे. तिथले अभ्यासक मायकेल यान्सेन यांच्या अंदाजाने तिथे सुमारे ७०० विहिरी असाव्यात. विहिरीची वीट पाचरीच्या आकाराची: आतलं तोंड अरुंद, बाहेरचं रुंद. बाहेरून मातीचा दाब आला की विटा एकमेकींत आणखी घट्ट बसतात, कडं आत कोसळत नाही. साध्या चौकोनी विटा गोलात लावल्या तर बाहेरच्या बाजूला फटी राहतात आणि तिथूनच कडं सुटतं. रस्ते भर पडून उंचावले तसं विहिरीचं तोंडही वाढवत गेले. आज भोवतालची माती काढल्यावर त्या उंच धुराड्यांसारख्या उभ्या दिसतात. विटांचं प्रमाण १:२:४, घराची बहुधा ७×१४×२८ सेंमी. जाडी, रुंदी, लांबी अशी दुपटीत असली की आडव्या-उभ्या थरांचे सांधे एकावर एक येत नाहीत.

कच्छमधल्या धोलावीरात तर बारमाही नदीच नाही. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांना बांध घालून पाणी तटाच्या आतल्या टाक्यांत वळवलं.

ज्या पात्राकाठी कितीतरी हडप्पा वस्त्या सापडल्या त्या घग्गर-हाक्रात तेव्हा मोठी नदी वाहत होती का, हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. २०१७ मधल्या अभ्यासानुसार सतलज तिथून सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच सरकली होती, म्हणजे नगरं नदीने सोडून दिलेल्या पात्राच्या कडेला, मोठ्या पुरापासून सुरक्षित वसली. २०१९ मधला दुसरा अभ्यास सांगतो की साधारण ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बारमाही प्रवाह होता. दोन्ही गट गाळाचं वय मोजूनच बोलतात. वाद मिटलेला नाही. कृपया धागा तिकडे वाहवत नेऊ नका.

-----

गाळपेर

विटांचा भाग वाचनखुणेत साठवला. चीनबद्दल एकच भर: यांगत्सेच्या मुखाजवळ लिआंगझू इथे ५,००० वर्षांपूर्वीचे ११ बांध सापडले आहेत. चिखल गवतात गुंडाळून त्याच्या पुरचुंड्या रचत. गवतामुळे ओला भराव घसरत नाही, नुसता चिखल टाकला तर पायथ्यातून सरकतो. तिथलं पीक भात, म्हणून सगळा खटाटोप पाणी उभं ठेवण्याचा.

-----

चौकस

मग आपल्या गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात अशी नगरं का नाहीत? दायमाबाद आहे ना?

-----

जुनीवीट

दायमाबाद आहे, प्रवरेच्या काठी. १९७४ साली तिथे काशाचा ठेवा मिळाला: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. तिथे उत्तरकालीन हडप्पा थरही आहे. पण वस्ती २०-३० हेक्टरची. उरुक किंवा मोहेंजोदडो २०० हेक्टरच्या वर. जोर्वे या महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची बाकीची बहुतेक गावं त्याहूनही लहान.

कारण पुन्हा पाण्याचंच. दख्खनच्या नद्या कातळात खोल उतरलेल्या, काठ उंच. पूर येतो, पण रुंद मैदानावर पसरून पोयटा टाकत नाही, पात्रातूनच धडाडत निघून जातो. ओल धरते ती काळी माती, नदी नाही. म्हणून शेतीयोग्य पट्टा अरुंद आणि सगळी मदार त्या वर्षीच्या पावसावर. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पुराचं पाणी वळवणारा बांध आणि चर मिळाला. प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार मिळालं. म्हणजे पाणी वळवणं, साठवणं आणि त्यावर कोणाचा तरी ताबा, हे सगळं इथेही होतं. इ.स.पू. १००० नंतरच्या थरात चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या दिसतात, शेती आटते, शिकार वाढते. उत्खनकांनी याचा संबंध वाढत्या कोरड्या हवामानाशी लावला आहे. एकामागून एक दुष्काळ आले की इथल्या कोठारात पुढची पेरणी सुटेल एवढंही धान्य उरत नसे, आणि वरून पाणी आणणारा दूरचा बर्फाचा डोंगर इथे नाही.